जर्नलचा ‘इम्पॅक्ट’ तपासायचा कसा? खानदेशातल्या नव्या शिक्षण-संशोधकांसाठी

पीएचडीची प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, पास झाली, आरआरसी या विद्यापीठाच्या समितीसमोर विषय मंजूर झाला, गाईड मिळाले, की नव्या संशोधकाच्या मागे पेपरचं लचांड लागतं. आणि पेपर म्हटला की कुणीतरी विचारतंच, “त्या जर्नलचा इम्पॅक्ट किती?” जळगावला विद्यापीठात, अमळनेर-चोपड्याच्या स्टाफरूममध्ये, शहाद्याच्या बीएड कॉलेजात, सगळीकडे हाच प्रश्न. इम्पॅक्ट म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, जर्नलमधल्या लेखांचे सरासरी किती संदर्भ दिले गेले ते सांगणारा आकडा. तो मोठा सांगितला की विचारणारा समाधानाने मान डोलावतो. तो कुणी काढला, कशाला कशाने भागून काढला आणि त्यातून तुमच्या पेपरबद्दल नेमकं काय कळतं, असं पुढे विचारणारा क्वचित भेटतो.

शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा शैक्षणिक तंत्रज्ञानात नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी, म्हणजे माणूस शिकतो कसा हा ज्यांच्या अभ्यासाचा गाभा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नमुना म्हणून ‘एनपीजे सायन्स ऑफ लर्निंग’ हे जर्नल समोर ठेवू. नेचर समूहाने ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या भागीदारीत ते २०१६ मध्ये सुरू केलं. मेंदूविज्ञान, मानसशास्त्र आणि वर्गातलं शिक्षण या तिन्हींना एका छताखाली आणायचा त्याचा प्रयत्न आहे आणि त्यातले लेख कुणालाही फुकट वाचता येतात. त्याच्या शेजारी ‘जर्नल ऑफ द लर्निंग सायन्सेस’ ठेवा. ते १९९१ पासूनचं, जॅनेट कोलोडनर यांच्या संपादनाखाली सुरू झालेलं. दोघांच्या नावात शिकण्याचं विज्ञान आहे, पण घराणी वेगळी. एकात प्रयोगशाळेतले आणि मोठ्या आकडेवारीचे लेख जास्त, दुसऱ्यात वर्गात बसून मुलांचे संवाद टिपत केलेलं काम जास्त. केवळ आकडा बघून या दोघांत निवड केली तर आपला पेपर चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

आधी ठरवा: आकडा हवाय कशाला?

तीन कारणं असू शकतात. काय वाचायचं ते ठरवायचं आहे, पेपर कुठे पाठवायचा ते ठरवायचं आहे, किंवा कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या, फाईलला गुण हवे आहेत. तिन्हींसाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या.

वाचायला काय घ्यावं यासाठी जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर जवळपास निरुपयोगी आहे. तिथे विषय शोधा आणि लेख वाचा. पेपर पाठवायचा असेल तर आकड्याआधी त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांतले अंक चाळा. तुमच्यासारखं काम तिथे छापून आलंय का, बघा. तुम्ही धडगावच्या आश्रमशाळेतल्या वीस मुलांच्या वाचनाचा वर्षभर जवळून अभ्यास केला असेल, तर मेंदूच्या स्कॅनवर चालणारं जर्नल तो लेख पीअर रिव्ह्यूला, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांच्या तपासणीला, न पाठवताच परत करेल, आणि त्यात त्यांचं चुकलंही नसेल.

गुणांचं प्रकरण मात्र सरळ हिशोबाचं आहे. यूजीसीच्या जुलै २०१८ च्या नियमावलीत शिक्षणशास्त्र, भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य या गटात एका पेपरला १० गुण आहेत. विज्ञान गटात ८. त्यावर इम्पॅक्ट फॅक्टरचे वाढीव गुण मिळतात. इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या रेफरीड, म्हणजे पीअर रिव्ह्यू करणाऱ्या, जर्नलला ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, एक ते दोनला १५, दोन ते पाचला २०, पाच ते दहाला २५ आणि दहाच्या वर ३०. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के, बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. स्टाफरूममध्ये “इम्पॅक्ट किती?” हा प्रश्न एवढा का घुमतो, ते या ओळींतून कळतं.

त्या नियमावलीतली एक गंमत सांगतो. इम्पॅक्ट फॅक्टर ‘थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे’ धरावा, असं तिथे लिहिलंय. थॉमसन रॉयटर्सने हा सगळा व्यवसाय २०१६ मध्येच विकला होता. आज ते काम क्लॅरिव्हेट ही कंपनी करते. तेव्हा फाईलला लावायचा पुरावा क्लॅरिव्हेटचाच हवा. जर्नलने स्वतःच्या वेबसाईटवर रंगीत अक्षरांत छापलेला आकडा पुरावा ठरत नाही.

आकडा बनतो कसा

युजीन गारफिल्ड नावाच्या अमेरिकन माहितीशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये सायटेशनची, म्हणजे कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा संदर्भ दिला याची, सूची करावी अशी कल्पना मांडली. १९६४ मध्ये त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आली आणि १९७५ पासून जर्नलनिहाय आकडे देणारा वार्षिक अहवाल निघू लागला. त्याचं नाव ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’, बोलीत जेसीआर. सूचीत कोणती जर्नल घ्यायची आणि ग्रंथालयाने कशावर पैसे खर्च करायचे, हे ठरवायला तो उपयोगी पडे. प्राध्यापकाची बढती ठरवायचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं.

हिशोब सातवीच्या सरासरीचा आहे. समजा एखाद्या जर्नलने २०२२ मध्ये ४० आणि २०२३ मध्ये ६० लेख छापले. या शंभर लेखांचे २०२४ या एका वर्षात इतरांनी मिळून ३५० वेळा संदर्भ दिले. ३५० भागिले १००, म्हणजे त्या जर्नलचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ३.५. हा आकडा २०२५ च्या जूनमध्ये जाहीर होतो. भागाकारात वर सगळी सायटेशन मोजतात आणि खाली फक्त संशोधन लेख आणि आढावा लेख धरतात. संपादकीय किंवा पत्रं खाली मोजत नाहीत. पण त्यांना मिळालेली सायटेशन वर मात्र येतात.

सरासरीचा घोळ कळायला एक खरं उदाहरण पुरे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये सुमारे २ होता. २००९ मध्ये तो एकदम ४९.९ झाला. झालं इतकंच होतं की जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकरचना शोधायच्या आपल्या संगणकप्रणालीवर २००८ मध्ये तिथे एक लेख लिहिला आणि ती प्रणाली वापरणाऱ्या हजारो शास्त्रज्ञांनी त्याचा संदर्भ दिला. दोन वर्षांची खिडकी, म्हणजे ज्या वर्षांतले लेख मोजतात तो काळ, पुढे सरकली आणि २०११ चा आकडा पुन्हा २ वर आला. त्या मधल्या काळात तिथे छापून आलेला दुसरा कुठलाही लेख पंचवीसपट चांगला झाला नव्हता.

रावेरला केळीचा भाव जाहीर होतो, पण तुमच्या बागेतल्या घडाला काय मिळणार ते व्यापाऱ्याने माल बघितल्याशिवाय ठरत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर हा जाहीर भाव समजा. बहुतेक जर्नलांत थोडे लेख भरपूर सायटेशन खेचतात आणि अर्ध्याहून बरेच जास्त लेख सरासरीच्या खालीच राहतात.

आपल्या विषयाला आणखी एक अडचण आहे. दोन वर्षांची खिडकी रेणूंवर काम करणाऱ्यांना ठीक. शाळेत प्रयोग करायचा तर जूनमध्ये सुरुवात, एप्रिलमध्ये शेवटची चाचणी, मग विश्लेषण, मग पीअर रिव्ह्यूची सहा-आठ महिन्यांची वाट. आज वाचलेल्या लेखाचा संदर्भ तुमच्या छापील पेपरात येईपर्यंत खिडकी बंद झालेली असते. म्हणून शिक्षणातल्या जर्नलसाठी पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर बघा. जेसीआरमध्ये तोही असतो. आणि आढावा लेख छापणारी जर्नल, उदाहरणार्थ १९३१ पासून निघणारं ‘रिव्ह्यू ऑफ एज्युकेशनल रिसर्च’, यादीत कायम वर दिसतात, कारण प्रत्येकाला आपल्या प्रबंधाच्या दुसऱ्या, पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात कुणाचा तरी आढावा लागतोच. त्यांच्याशी प्राथमिक संशोधन छापणाऱ्या जर्नलची तुलना करू नका.

इतर आकडे, थोडक्यात

सायटस्कोर हा एल्सेव्हिअर कंपनीच्या स्कोपस या सायटेशन-सूचीचा आकडा. तो २०१६ च्या डिसेंबरात आला आणि २०२० मध्ये त्याची रीत बदलली. आता चार वर्षांचे लेख आणि त्याच चार वर्षांतली सायटेशन धरतात. त्यामुळे तो बहुधा इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा मोठा दिसतो. कुणी सायटस्कोर सांगून त्याला ‘इम्पॅक्ट’ म्हणत असेल तर तिथेच थांबवा. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत.

एसजेआर स्पेनमधल्या सिमागो गटाचा आणि स्कोपसच्याच माहितीवर चालणारा. वजनदार जर्नलमधून आलेल्या सायटेशनला तो जास्त मोल देतो. क्यू-वन, क्यू-टू वगैरे जे ऐकता ते चतुर्थक, म्हणजे एका विषयातल्या जर्नलांचे क्रमाने पाडलेले चार गट, फुकट बघायला मिळतात ते इथेच. चतुर्थक विषयागणिक बदलतो. एकच जर्नल शिक्षणात पहिल्या चतुर्थकात आणि मेंदूविज्ञानात दुसऱ्यात असू शकतं. म्हणून ‘क्यू-वन आहे’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्या विषयात आणि कोणत्या वर्षी, तेही लिहा.

एच-फाइव्ह हा गूगल स्कॉलरचा. गेल्या पाच पूर्ण वर्षांतल्या लेखांपैकी किमान ५० लेखांना प्रत्येकी किमान ५० सायटेशन असतील तर एच-फाइव्ह ५०. एखाद-दुसऱ्या गाजलेल्या लेखाने हा आकडा फुगत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण जे जर्नल जास्त लेख छापतं त्याला तो झुकतं माप देतो. शैक्षणिक मानसशास्त्र आणि शैक्षणिक तंत्रज्ञान यांच्या वेगळ्या याद्या तिथे आहेत. नवख्याने सुरुवात तिथून करावी, असं माझं मत. कारण फुकट आहे आणि त्या आकड्यावर क्लिक केलं की तो ज्या लेखांमुळे बनला ते लेखच समोर येतात.

अर्ध्या तासाची तपासणी

मोबाईलवर करू नका. कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर बसा, वही घ्या.

सुरुवात आयएसएसएनपासून करा. जर्नलच्या पानावरचा आठ अंकी क्रमांक आयएसएसएन पोर्टलवर टाका आणि तिथे तेच नाव, तोच प्रकाशक, तोच देश येतो का बघा. ‘एनपीजे सायन्स ऑफ लर्निंग’चा क्रमांक २०५६-७९३६. आयएसएसएन असणं ही गुणवत्तेची पावती नव्हे, तो फक्त ओळख क्रमांक आहे. पण क्रमांक एकाचा आणि नाव दुसऱ्याचं निघालं तर पुढे जायची गरजच नाही. नावाजलेल्या जर्नलची हुबेहूब नकली वेबसाईट उभारून लेखकांकडून पैसे उकळायचे, असे प्रकार सर्रास होतात. म्हणून वेबसाईटचा पत्ता गूगलच्या पहिल्या दुव्यावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून घेऊ नका; आयएसएसएन पोर्टल किंवा स्कोपसच्या नोंदीतून घ्या.

मग क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट उघडा. नाव नोंदवलं की ती फुकट बघता येते. जर्नल तिथे आहे का आणि कोणत्या सूचीत आहे, ते लिहून घ्या. सामाजिक शास्त्रांची मुख्य सूची वेगळी आणि २०१५ मध्ये सुरू झालेली उदयोन्मुख जर्नलांची सूची वेगळी. या दुसऱ्या सूचीतल्या जर्नलांना पूर्वी इम्पॅक्ट फॅक्टर मिळत नसे. जून २०२३ च्या अहवालापासून मिळू लागला. जुन्या प्राध्यापकांना हा बदल ठाऊक नसतो आणि ते तुमचं खरं जर्नल खोटं ठरवतात. तेव्हा वाद घालू नका, मास्टर लिस्टची छापील प्रत पुढे करा.

त्याच अहवालापासून आणखी एक गोष्ट बदलली. आता इम्पॅक्ट फॅक्टर एकाच दशांश स्थळापर्यंत देतात. तेव्हा २०२४ चा म्हणून कुणी ‘७.३६५’ असा तीन दशांशांचा आकडा दाखवला, तर तो जेसीआरमधून आलेला नाही. बनावट ओळखायची इतकी सोपी खूण दुसरी नाही.

त्यानंतर स्कोपसचं सोर्सेस पान. इथे नाव असणं पुरेसं नाही. ‘कव्हरेज’ कोणत्या वर्षापर्यंत आहे ते वाचा. दर्जा घसरल्यामुळे स्कोपसने काढून टाकलेल्या जर्नलचं नाव जुन्या वर्षांसह तिथे दिसतच राहतं, आणि त्याचा फायदा घेऊन ती जर्नल ‘स्कोपस इंडेक्स्ड’ म्हणून जाहिरात करत राहतात.

फुकट वाचायला मिळणारं जर्नल असेल तर डीओएजे या निर्देशिकेतही शोधा. शेवटी कुठलेही तीन लेख उघडा. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की त्याच लेखावर पोचता का? लेख कधी मिळाला, कधी सुधारला, कधी स्वीकारला या तारखा दिल्यात का? संपादक मंडळातल्या दोघा-तिघांच्या विद्यापीठाच्या पानावर ते या जर्नलचे संपादक असल्याचा उल्लेख आहे का? ही शेवटची तपासणी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात जास्त कामाची तीच.

“दोन दिवसांत पेपर, सर्टिफिकेटसह”

आपल्याकडे प्राध्यापकांच्या ग्रुपवर हे मेसेज आठवड्याला येतात. शिक्षण, रसायनशास्त्र, मराठी, कायदा, योग, सगळं एकाच अंकात. फी भरा, परवा छापून येईल, इम्पॅक्ट आठच्या वर, सर्टिफिकेट रंगीत. पीअर रिव्ह्यू दोन दिवसांत होत नाही, हे शाळेतल्या शिपायालाही पटेल. तरी पैसे भरले जातात, कारण फाईल भरायची असते.

यांचे आकडे कुणी तरी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘सायंटिफिक’ अशी विशेषणं लावून काढलेले असतात. इम्पॅक्ट फॅक्टर या शब्दाच्या आधी विशेषण दिसलं की सावध व्हा. जेसीआरवाला त्याला जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतो, बस्स. सुरू होऊन एक वर्षही न झालेल्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर असूच शकत नाही. वरचा भागाकार आठवा, मागच्या दोन वर्षांचे लेख आणायचे कुठून?

यूजीसीनेही या प्रकाराशी बरीच झटापट केली. मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली. मग केअर यादी, म्हणजे यूजीसीची मान्य जर्नलांची नवी यादी, आली, २०१९ पासून ती चालली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद केल्याचं जाहीर झालं आणि जर्नल निवडण्याचे निकष सुचवून जबाबदारी विद्यापीठं व कॉलेजांवर सोपवली गेली. म्हणजे आता ‘यूजीसी केअर लिस्टेड’ असं पाटीवर लिहिणारं जर्नल अस्तित्वात नसलेल्या यादीचा हवाला देतं आहे. आणि नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही यूजीसीची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाचे स्वतःचे नियम काय आहेत, ते पीएचडी विभागात विचारा. पण केवळ घाईपोटी कुठेही पेपर टाकण्याचं मोठं कारण तरी गेलं.

पैसे मागितले म्हणजे जर्नल फसवं, असंही नाही. आपलं नमुन्याचं जर्नलसुद्धा लेखकाकडून शुल्क घेतं आणि ते भारी असतं, आपल्या पगाराच्या मानाने फारच. फरक असा की तिथे आधी पीअर रिव्ह्यू होतो, लेख स्वीकारला गेला तरच शुल्क, आणि सवलतीचे नियम उघड लिहिलेले असतात. पाठवण्याआधी ते पान वाचा. ज्या जर्नलमध्ये लेखकाला काहीच भरावं लागत नाही आणि वर्गणीदार वाचक पैसे देतात, अशी चांगली जर्नल शिक्षणात भरपूर आहेत.

आता जर्नल सोडा, लेखाकडे या

इथे खरा वेळ द्या. शिकण्याच्या विज्ञानातला गाजलेला एक लेख घ्या: हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी, २००६, ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ जर्नल. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. गूगल स्कॉलरवर या लेखाखालच्या ‘साइटेड बाय’वर क्लिक करा. हजारो नोंदी आहेत. त्यांतल्या दहा उघडून बघा, संदर्भ कशासाठी दिलाय: कुणी प्रयोग पुन्हा करून पाहिलाय, कुणी शाळेतल्या मुलांवर तपासलाय, कुणी नुसतं प्रस्तावनेत नाव टाकलंय. परिणाम म्हणजे काय ते या दहा लेखांतून जितकं कळतं, तितकं कुठल्याच आकड्यातून कळत नाही.

सायटेशन म्हणजे शाबासकी असते असंही नाही. मुलांच्या ‘शिकण्याच्या शैली’ असतात, कुणी डोळ्यांनी शिकतं, कुणी कानांनी, कुणी हातांनी, ही कल्पना बीएडच्या वर्गात अजून शिकवली जाते आणि तिच्यावरच्या लेखांना सायटेशनही खूप. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ च्या आढाव्यात दाखवलं की शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो, असं म्हणायला पुरेसा पुरावाच नाही. त्यानंतर जुन्या लेखांची कित्येक सायटेशन ते चूक कसे हे सांगण्यासाठी आलेली आहेत. मोजणारं यंत्र दोन्ही सारखीच मोजतं. आपल्या तालुक्यातल्या कार्यशाळांत ‘शैली ओळखा’ची प्रश्नावली अजून वाटली जाते, हे बघितलं की वाटतं, सायटेशन मोजण्यापेक्षा आधी हा २००८ चा आढावा प्रत्येक डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, भिंतीवर लावावा.

मग लेख कुणावर केलाय ते बघा. २००६ च्या त्या प्रयोगातले सहभागी अमेरिकन विद्यापीठातले विद्यार्थी होते. घरी भिली किंवा पावरी बोलणारं, शाळेत प्रमाण मराठी पहिल्यांदाच ऐकणारं अक्कलकुव्याचं सहा वर्षांचं मूल त्यांच्यात नव्हतं. घरात अहिराणी असलेलं साक्रीचं मूलही नव्हतं. निष्कर्ष इथे लागू पडेलही, पण ते तपासावं लागेल, आणि तुमच्या पीएचडीला विषय मिळतो तो इथेच. बहुभाषिक वर्गावरचा भारतातला एखादा पाच सायटेशनचा लेख तुमच्या कामाला त्या हजारो सायटेशनवाल्या लेखापेक्षा जवळचा असू शकतो. गाईडना हे पटवून द्यावं लागतं. “मॅडम, सायटेशन कमी आहेत, पण नमुना आपल्यासारखा आहे,” एवढं सांगून तो लेख त्यांच्यापुढे ठेवा.

जर्नलच्या नावात शिक्षण नाही म्हणून लेख सोडूनही देऊ नका. ‘प्रथम’ नावाच्या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाचा मुंबई आणि वडोदरा इथला अभ्यास अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी २००७ मध्ये छापला तो ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच एका तरुणीने दिवसातले दोन तास त्यांच्या पातळीवरून शिकवलं. पहिल्या वर्षी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. याच धाग्यातून पुढे मुलाच्या इयत्तेऐवजी त्याच्या पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत विकसित झाली. ती भारतातल्या अनेक राज्यांत आणि आफ्रिकेतल्या देशांतही पोचली. शिक्षणाच्या जर्नलांची क्यू-वन यादी घेऊन बसलेल्याला हा लेख सापडलाच नसता.

उलट बाजूही आहे. ‘जीवन शिक्षण’, ‘शिक्षण संक्रमण’, ‘शैक्षणिक संदर्भ’ ही मराठी नियतकालिकं जिल्हा परिषदेच्या शिक्षकापर्यंत पोचतात; त्यांना इम्पॅक्ट फॅक्टर नाही. तुमच्या इंग्रजी पेपरमधला निष्कर्ष धुळ्याच्या केंद्रप्रमुखाने वापरावा असं वाटत असेल तर मराठीत एक सोपा लेखही लिहा. कॅसला त्याचे गुण मिळणार नाहीत, हे धरून चला.

वाचायला मिळवायचं कसं

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, तेव्हा तुमचं कॉलेज त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन काय बघता येतं, त्याची चौकशी करा. नंदुरबारहून ते लांब पडतं, म्हणून जाण्याआधी हव्या असलेल्या लेखांची यादी करूनच निघा.

घरबसल्याही पुष्कळ मिळतं. अमेरिकी शिक्षण खात्याचा एरिक हा संग्रह फुकट आहे आणि शिक्षणापुरता गूगल स्कॉलरपेक्षा स्वच्छ. भारतीय प्रबंध शोधगंगेवर आहेत. लेख कुलूपबंद असेल तर लेखकाला चार ओळींचा मेल करा: तुम्ही कोण, कशावर काम करता, कोणता लेख हवा. बहुतेक लेखक पाठवतात.

नोंद ठेवताना

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक जर्नलमागे एक ओळ. नाव, आयएसएसएन, प्रकाशक, कोणत्या सूचीत, कोणता आकडा, कोणत्या वर्षाचा, कुठे पाहिला, कोणत्या तारखेला. त्या पानाची पीडीएफ काढून तारखेच्या नावाने ठेवा, कारण जर्नल सूचीतून बाहेर गेलं तर नंतर पुरावा मिळत नाही.

वर्षाचा घोळ शेवटपर्यंत छळतो. तुमचा पेपर मार्च २०२५ मध्ये आला, तर तेव्हा जाहीर असलेला आकडा २०२३ चा. जूनमध्ये २०२४ चा येतो आणि २०२५ चा आकडा यायला जून २०२६ उजाडतो. फाईलमध्ये कोणता लावायचा ते कॉलेजच्या आयक्यूएसीला, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला, आधीच विचारा, शक्यतो लेखी. आणि आकड्याशेजारी वर्ष लिहा. नुसतं ‘इम्पॅक्ट फॅक्टर ३.५’ असं लिहिलेला अर्ज छाननी समितीत परत येतो, आणि तोवर जूनचा नवा अहवाल येऊन सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात.